नाशिकात दंव गोठतं तरी कधी? मेथी, पालक, कोथिंबिरीच्या पेरणीचं गणित

आनंदवलीकर
४ ऑक्टोबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मखमलाबादच्या बाजूला सासऱ्यांची थोडी जमीन आहे. द्राक्षबाग काढल्यापासून त्यातला अर्धा एकर मोकळाच पडलाय. यंदा हिवाळ्यात तिथे पालेभाज्या करायच्या, घरी खाऊन उरतील त्या आमच्या आणि शेजारच्या सोसायटीत द्यायच्या असा बेत आहे. पाणी विहिरीचं, भरपूर.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. यूट्यूबवर आणि परदेशी साइटींवर जो तो सांगतो, आधी आपल्या गावची 'फ्रॉस्ट डेट', म्हणजे दंव गोठण्याची तारीख, शोधा, मग तिथून मागे मोजत पेरणी ठरवा. पालक इतके आठवडे आधी, लेट्यूस तितके आठवडे आधी. नाशिकची तारीख मला कुठेच मिळेना. एका साइटीने तर 'तुमच्याकडे दंव गोठत नाही' असं सांगून विषयच संपवला. आणि इकडे दर हिवाळ्यात पेपरात निफाडचा फोटो असतोच, द्राक्षाच्या पानावर पांढरा थर आणि शेजारी मफलर गुंडाळलेला शेतकरी.

मग खरं काय धरायचं? आणि मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू हे सगळं एकदमच पेरायचं की पुढेमागे?

कुंडीतलं_शेत
४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

माझी शेती सिडकोत तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर. तिथे बर्फबिर्फ काही नाही, पण जानेवारीत कोथिंबीर उगवायला इतकी रडवते की बी खोटं निघालं असं वाटतं. तेव्हा धाग्यावर बसून आहे. जाणकार येऊ द्या.

वाफसा
५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

आमचं गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. भाऊ, तारीख शोधत बसू नका, इकडे ती नसतेच. एखाद्या साली डिसेंबरातच बागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात, तर एखाद्या साली अख्खा हिवाळा ढगाळ जातो आणि द्राक्षवाले थंडीऐवजी भुरी रोगाच्या नावाने रडतात.

आकडेच हवे असतील तर २०१८ चा डिसेंबर सरता सरता कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंश नोंदले गेले. २०२० च्या जानेवारीच्या मध्यात २.४. आणि २०१९ ला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडत असताना खुद्द नाशिक शहराचा पारा ४ वर आला होता. म्हणजे 'संक्रांत झाली, आता सुटलो' असंही म्हणायची सोय नाही.

धोक्याचा काळ ठरलेला आहे, दिवस ठरलेला नाही. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि अख्खा जानेवारी असा तो काळ, मागे फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याचं शेपूट. त्या काळात बी मातीत नको आणि भाजी जुडीला आलेलीही नको, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकाल तर हिवाळाभर भाजी विकतच आणावी लागेल. माझं म्हणणं एवढंच की तोपर्यंत भाजीने मूळ धरलेलं असावं. बाकीचं सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मोटर चालू करायचीय, लाइट साडेआठला जाते.

अटलांटिकपार
५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मूळ पंचवटीची, आता बरीच वर्षं ओहायोत. इथे परसात भाजी करते, म्हणून त्या 'तारखे'बद्दल थोडं सांगते.

मुळात अमेरिकेतसुद्धा ती तारीख म्हणजे शक्यता असते. इथली सरकारी हवामान संस्था तीस वर्षांच्या नोंदी घेते, सध्या १९९१ ते २०२० च्या, आणि अमुक दिवसानंतर पारा शून्याखाली जाण्याची शक्यता ९० टक्के, ५० टक्के, १० टक्के अशा वेगवेगळ्या तारखा काढते. साइटींवर आपल्याला त्यातली एकच दिसते, बहुतेक वेळा ५० टक्क्यांची. म्हणजे वसंतातली 'शेवटची तारीख' उलटून गेल्यावरही निम्म्या वर्षी दंव गोठतंच. नवखे लोक त्या तारखेला टोमॅटो बाहेर लावतात आणि हात चोळत बसतात.

आता दुसरा मुद्दा, जो आनंदवलीकरांना जास्त उपयोगी आहे. इथल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की दिवस दहा तासांहून लहान झाला की पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते, म्हणून त्याआधीच त्या खाण्याजोग्या व्हायला हव्यात. आमच्याकडे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दिवस तसे लहान असतात. त्यामुळे इकडचं सगळं मागे मोजणं त्या हिशेबाने चालतं. नाशिक २० अक्षांशावर. तिथे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. म्हणजे उजेडामुळे वाढ थांबायचा प्रश्नच येत नाही. इकडची कोष्टकं तिकडे लावलीत तर महिनाभर उगाच आधी पेराल आणि ऑक्टोबरच्या उन्हात रोपं होरपळतील.

हवामानवेडा
५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

अटलांटिकपार ताई, अगदी बरोबर. त्यात आणखी एक जोडतो. नाशिकचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १० अंशांच्या आसपास आणि कमाल २८ ते २९. एका दिवसात अठरा अंशांचा फरक. ओहायोत दंव गोठलं तर दुपारीही हुडहुडी भरते. निफाडला पहाटे पानावर बर्फ आणि दुपारी दोनला पंखा. आपल्याकडे भाजीची वाढ रात्री मंदावते, दिवसा सुरूच राहते. म्हणून इथे थंडीने पीक लांबतं, बसून राहत नाही.

आता वाफसाभाऊंनी दिलेले आकडे. पारा शून्यावर गेलाच नाही, मग पानावर बर्फ कसा, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर वर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशात सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त गार होतात. पेटीत ३-४ अंश दिसत असताना वाफ्यातल्या पानावर शून्य किंवा त्याखाली असणं शक्य आहे. तेव्हा पेपरातला आकडा ४ च्या खाली दिसला की आपल्या वाफ्यात गोठणार असंच समजून चाला.

ढग आले की गोधडी टाकल्यासारखं होतं, त्या रात्री काही होत नाही. वारा वाहता असला तरी धोका कमी, कारण वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. म्हणून लक्ष ठेवायचं ते पश्चिमी प्रकोपावर, म्हणजे काश्मीर-हिमाचलकडून जाणाऱ्या त्या पावसाळी प्रणालीवर. ती येते तेव्हा आपल्याकडे ढग आणि ऊब. ती पुढे सरकली, आकाश धुतल्यासारखं झालं, उत्तरेचा वारा सुटला आणि मग एका संध्याकाळी तो वारा पडला की ती रात्र आपली.

जुन्या नोंदी पाहिल्या तर नाशिकचा नीचांक ७ जानेवारी १९४५ चा, शून्याखाली ०.६. हे असं क्वचितच घडतं, पण अशक्य नाही एवढ्यासाठी सांगितलं.

शेपूची_सवत
५ ऑक्टोबर, दुपारी २:०२

एवढं शास्त्र वाचून मलाच थंडी वाजली. कुणीतरी शेपू कमी पेरा असंही सांगा हो. आमच्याकडे एक वाफा पेरतात आणि महिनाभर घरात दुसरं काही शिजत नाही.

सिन्नरवाली
५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४८

निफाडची थंडी आणि नाशिकची थंडी सारखी नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकाच शेतात दोन थंड्या असतात हे कुणी सांगत नाही. आमचं रान उतरतं आहे. वरच्या बांधाजवळची मेथी जानेवारीत हिरवीगार, आणि ओढ्याकडच्या खालच्या तुकड्यातली त्याच दिवशी पेरलेली मेथी टोकाला पिवळी, पानं वळलेली. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि सखल जागी साचते. निफाडचंही तेच, कादवा-गोदावरीच्या खोऱ्यातला सखल भाग.

आनंदवलीकर, एक करा. साधा कमाल-किमान तापमापक घ्या आणि जमिनीपासून वीतभर वर, पेरणार त्या ठिकाणीच खुंटीला बांधा. ऊन लागणार नाही असा. रोज सकाळी किमान आकडा वहीत लिहा आणि त्या दिवशीच्या पेपरात नाशिकचा जो आकडा असेल तो शेजारी लिहा. दोन-तीन आठवड्यांत तुमचं रान शहरापेक्षा किती अंशांनी गार असतं ते कळेल. एकदा तो फरक हाती लागला की मग अंदाज बघून रात्रीचं ठरवता येतं. बाहेरची कुठलीही साइट तुम्हाला हे सांगू शकणार नाही.

आणि खालच्या कोपऱ्यात पालक किंवा करडई टाका. मेथी-कोथिंबीर वर.

आनंदवलीकर
५ ऑक्टोबर, रात्री ८:३०

ताई, हे फार कामाचं सांगितलंत. आमचं रानही नाल्याकडे उतरतंय, आणि खालच्या अंगाला बांध आहे, त्यावर दाट सुबाभूळ. ते चांगलं की वाईट?

सिन्नरवाली
५ ऑक्टोबर, रात्री ८:५१

थंडीपुरतं बोलायचं तर वाईट. गार हवा पुढे सरकायला वाट मिळत नाही, बांधाला अडून तिथेच थांबते. खालून थोडी छाटून वाट मोकळी करा. सगळी तोडू नका, उन्हाळ्यात लागेल.

वाफसा
५ ऑक्टोबर, रात्री ९:३७

सकाळचं राहिलेलं लिहितो. मी १५ डिसेंबर ही रेघ धरतो. मखमलाबादला निफाडइतका गारठा नाही, तुम्ही २० धरलीत तरी चालेल. त्या रेघेच्या आधी काय कुठवर यायला हवं, ते बघून मागे मोजायचं.

पालकाची पहिली कापणी महिन्याभरात येते, पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी. हा ऑक्टोबरच्या मध्यात, परतीचा पाऊस गेला की टाका. रेघेपर्यंत एखादी कापणी होऊन बुडखा मजबूत झालेला असतो, मग कितीही गारठा पडू दे. बाहेरचं पान करपलं तर काढून टाकायचं, आतून नवीन येतं. आमच्याकडे एकच पेरणी फेब्रुवारीपर्यंत चालते.

कोथिंबीर नाजूक. ऑक्टोबरच्या उन्हात उगवण विरळ होते आणि डिसेंबरात उगवायलाच तयार नसते. दोन्हींच्या मधली फट म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत जुडी होते, म्हणजे नेमकी रेघेवर. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर पाण्यात, मग सुकवून पेरायचे. अख्खे धणे टाकून उगवत नाही म्हणून ओरडणारे दरवर्षी असतात. (कुंडीतलं_शेत, तुमच्याकडे बघून म्हणत नाहीये.) थंडी लागली की कोथिंबिरीचं पान जांभळट होतं. घाबरू नका, चवीला तीच.

मेथीचा भरवसा सगळ्यात जास्त. साधी मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पंचवीस-तीस दिवसांत काढणीला. थंडीत हीच पंधरवडाभर जास्त घेते. म्हणून मेथी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा पेरायची, ऑक्टोबरच्या शेवटापासून थेट जानेवारीपर्यंत. एखाद्या वाफ्याला दणका बसला तर पुढचा हाताशी असतो. कसुरी मेथीचं निराळं, ती सावकाश वाढते आणि तिला गारवा आवडतो. तिला ऑक्टोबरातच जागा द्या आणि विसरा.

शेपू नोव्हेंबरात. एकच वाफा, वर तक्रार आलेली आहे.

लाल माठ, राजगिरा, तांदुळजा आत्ता पेरा नाहीतर फेब्रुवारीच्या मध्यानंतर. मधल्या काळात बी नुसतं पडून राहतं आणि उगवलं तर इवलंसं होऊन थांबतं. एका गारठ्यात काळं. अंबाडीचा तर विचारच नको.

युरियाबद्दल एक सांगून ठेवतो. भाजी लवकर फोफावी म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला लोक युरिया मारतात. लुसलुशीत पान झालं की थंडी आधी तेच खाते. खत द्यायचं ते नोव्हेंबरात संपवा.

देवळालीचा_दादा
६ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

आमची आजी सांगायची, दिवाळीची पणती विझली की मेथी पेरावी. इतकं सोपं होतं सगळं.

हवामानवेडा
६ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

दादा, आजींचा अंदाज सरासरीला बरोबर. पण पणती दरवर्षी वेगळ्या तारखेला विझते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ८ नोव्हेंबरला. अठरा दिवसांचा फरक, म्हणजे मेथीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य. थंडी सूर्याकडे बघून येते, चंद्राकडे नाही. सणावर बेतायचंच असेल तर संक्रांत धरावी, ती सूर्याची, तारीख फार तर एखाद्या दिवसाने हलते.

देवळालीचा_दादा
६ ऑक्टोबर, सकाळी १०:०३

आजी आज असती तर तुम्हाला वाफ्यात उभं करून हे सांगायला लावलं असतं. पण मुद्दा पटला. तिची जमीन भारी काळी होती, ऑक्टोबरात लवकर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायचाच नाही. कदाचित त्यामुळेही दिवाळीची वाट बघत असेल.

बी_बियाणं
६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

बियाण्यांच्या दुकानात बसतो म्हणून एक खुलासा. परदेशी लेखांमधला 'स्पिनॅच' आणि आपण जुडीने आणतो तो पालक ही वेगळी पिकं आहेत. आपला नेहमीचा पालक, 'ऑल ग्रीन' किंवा 'पुसा ज्योती' यांसारखा, हा बीटाच्या कुळातला. बीट आणि तो सख्खे भाऊ म्हणा. गुळगुळीत जाड पान, वरचेवर कापणी. त्यांचा तो विलायती पालक, ज्याच्या बियांना काही जातींत काटे असतात. तो गोठणाऱ्या थंडीतही तग धरतो, पण दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन तापलं की लगेच दांडा काढतो. आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता त्याचा खेळ खल्लास. तेव्हा त्यांच्या लेखातला 'सहा आठवडे आधी' हा आकडा आपल्या पालकाला लावू नका. पाकीट घेताना जात वाचून घ्या, चित्र दोन्हींवर सारखंच असतं.

लेट्यूसही विचारलं होतं. ते नोव्हेंबरात रोपं करून लावा. बी अगदी वरवर पेरा, त्याला उजेड लागतो, आणि माती तापलेली असली तर ते उगवतच नाही. हलकं दंव सोसतं. खरा शत्रू मार्चचं ऊन, पान कडू होतं.

आनंदवलीकर
६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

म्हणजे आपल्याकडे मागे मोजायच्या रेघा दोन आहेत. एक डिसेंबरातली थंडीची आणि दुसरी फेब्रुवारीअखेरची उन्हाची. आणि परदेशी लेख पहिलीबद्दलच बोलतात.

अटलांटिकपार
७ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

दुसरीबद्दलही बोलतात, पण ती त्यांची जूनमध्ये येते. तुमच्याकडे दोन्हींमध्ये जेमतेम दोन-अडीच महिने.

द्राक्षमणी
७ ऑक्टोबर, रात्री ९:१८

गारठ्याची रात्र आली तर काय करायचं, ते कुणी लिहिलं नाही. आमच्या बागेत आम्ही शेकोट्या करतो, धूर करतो. मणी तडकायला लागले की डोळ्यांत पाणी येतं. भाजीलाही धूर करावा. जुने टायर ठेवून द्या, मस्त काळा धूर होतो.

वाफसा
७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

टायर नको भाऊ. भाजी खायचीय. त्या काजळीची पानं धुऊन निघत नाहीत, आणि शेजारच्या वस्तीत लहान मुलं असतात.

हवामानवेडा
७ ऑक्टोबर, रात्री १०:२५

धुराबद्दल मतभेद नोंदवतो. धूर म्हणजे ढग नव्हे. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. शेकोट्यांचा जो थोडा उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि हवा ढवळली जाण्याचा. उलट सकाळी धूर रेंगाळला तर ऊन उशिरा पोचतं. एक मोठी आग केली तर गरम हवा सरळ वर निघून जाते, म्हणून करायच्याच तर लहान लहान, अंतरावर. अर्ध्या एकर भाजीला तेवढं लाकूड जाळणं परवडणार नाही.

द्राक्षमणी
७ ऑक्टोबर, रात्री १०:४१

आमच्या वडिलांपासून करत आलोय. फायदा होतो तेव्हा होतोच. पण टायरचं मागे घेतो.

वाफसा
८ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

भाजीला पाण्यासारखं दुसरं औषध नाही. गारठ्याची चाहूल लागली की त्या दिवशी दुपारी वाफे भिजवा. ओली माती दिवसभराचं ऊन जास्त साठवते आणि रात्री सोडत राहते, कोरडी भुसभुशीत माती लगेच गार पडते. म्हणून त्या दोन-तीन दिवसांत खुरपणीही नको. विहिरीचं पाणी थंडीत हाताला कोमट लागतं, ते पहाटे चारच्या सुमारास सोडलं तर आणखी चांगलं. पण लाइट कधी येणार त्यावर ते अवलंबून. तुषार सिंचन (फवारे) लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, एकदा सुरू केले तर ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत बंद करायचे नाहीत. मधेच थांबवले तर न लावलेले बरे.

लहान तुकडा असेल तर झाकणं उत्तम. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, म्हणजे जमिनीची ऊब आत अडकते. रात्री अकराला जाऊन झाकलं तर थंडीलाच पांघरूण घातल्यासारखं.

सिन्नरवाली
८ ऑक्टोबर, सकाळी ८:४४

झाकायला जुन्या सुती साड्या, नाहीतर नर्सरीत मिळतं ते पांढरं क्रॉप कव्हर. काठ्या रोवून पानांपासून थोडं वर ताणायचं. प्लॅस्टिकचा कागद पानाला टेकला की नेमकं तिथेच करपतं. आणि सकाळी नऊच्या आत काढायचं. वर कुणीतरी म्हटलंय तसं आपल्याकडे दुपारी २८ अंश, प्लॅस्टिकखाली भाजी शिजून निघते. दंवापेक्षा विसरलेल्या प्लॅस्टिकने गेलेली भाजी मी जास्त बघितलीय.

पानं गोठलेली असताना हात लावायचा नाही, कापायचंही नाही. पेशींमधलं पाणी गोठलेलं असतं, हात लागला की पेशी फुटतात आणि ऊन आल्यावर पान उकडल्यासारखं होतं. ऊन अंगावर येऊन पानं पुन्हा ताठ झाली की मग विळा काढा.

कुंडीतलं_शेत
८ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

आणि गच्चीवर काय करायचं?

हवामानवेडा
८ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

शहरात सिमेंट रात्रभर ऊब सोडतं, तुम्हाला दंवाची चिंता नाही. पण कुंडीतली माती चहूबाजूंनी गार पडते, म्हणून धणे उगवत नाहीत. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला चिकटवून ठेवा, आणि धणे आधी ओल्या फडक्यात बांधून स्वयंपाकघरात मोड येऊ द्या, मग पेरा.

शेपूची_सवत
८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१२

पण थंडीतल्या मेथीला जी चव येते ती पावसाळ्यातल्या मेथीला कधी येत नाही. हे खरं की माझा भ्रम?

अटलांटिकपार
९ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मेथीचं छातीठोक सांगता येणार नाही, पण पालक, केल (कोबीसारखीच एक पालेभाजी), कोबी यांच्याबाबतीत खरंच आहे. हळूहळू थंडी वाढत गेली की झाड पेशींमध्ये साखर साठवतं, साखरेचं पाणी लवकर गोठत नाही म्हणून. इथे पहिल्या दंवानंतरच केल खायला घ्यावी असं म्हणतात. सरावलेलं झाड जे सोसतं ते अचानक आलेल्या गारठ्यात सोसत नाही, म्हणून वाफसाभाऊंची 'रेघेआधी मूळ धरलेलं हवं' ही गोष्ट मला सगळ्यात पटली. नोव्हेंबरभर थोडं थोडं गार होत गेलेल्या पालकाला डिसेंबरचा झटका झेपतो.

सिन्नरवाली
९ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

भोगीला सगळ्या भाज्या एकत्र करतात त्यात हरभऱ्याचे घाटे असतात, पण त्याआधी डिसेंबरात हरभऱ्याचा खुडा करायला विसरू नका. शेंडे खुडले की झाड फुटवा करतं, आणि भाजी मिळते ती वेगळी. हरभऱ्याला फुलं लागायच्या आत मात्र.

आनंदवलीकर
१९ ऑक्टोबर, रात्री ९:००

सुबाभूळ खालून छाटली. तापमापक बांधला. पालक आणि कसुरी मेथी टाकली, करडई खालच्या कोपऱ्यात. सध्या रोज सकाळी रान पेपरातल्या आकड्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी गार दाखवतंय. एवढा फरक धरून चालू का?

हवामानवेडा
१९ ऑक्टोबर, रात्री ९:३३

आत्ता हवेत ओल आहे, फरक कमीच दिसणार. डिसेंबरातल्या कोरड्या, निरभ्र रात्री तो वाढेल. तेव्हाचे आकडे वेगळ्या पानावर लिहा.

वाफसा
२७ डिसेंबर, दुपारी १२:१०

धागा वर काढतोय. दोन दिवस ढग होते, आज सकाळपासून आकाश स्वच्छ आहे आणि उत्तरेचा वारा सुटलाय. संध्याकाळी वारा पडला तर आज रात्री आणि उद्या रात्री जपा. आत्ता पाणी देऊन घ्या.

आनंदवलीकर
२७ डिसेंबर, दुपारी १२:४४

मोटर चालू केली. पालकाचं काही वाटत नाही, दुसऱ्या वाफ्यातली कोथिंबीर अजून बोटभरच आहे, ती झाकतो. घरातल्या सुती साड्या मागितल्या तर सासूबाई म्हणाल्या, आधी तुझ्या बायकोच्या काढ.

शेपूची_सवत
२७ डिसेंबर, दुपारी १२:५२

शेपू उघडाच राहू दे.